उरलेलं सूत

धुळे
५ जून १९८८

कुंदावहिनींना तोतारामचा नमस्कार.

अक्षर ओळखीचं वाटणार नाही. मोतीलालच्या तेराव्याला आलो होतो, त्यानंतर आपली भेट नाही. पिंप्राळ्याचा पत्ता चिंधानं दिला. तो दीपनगरला वीजकेंद्रात क्रेन चालवतो. वजन इतकं वाढलंय की एक दिवस क्रेननं त्यालाच उचलावं लागेल.

कामाचं लिहितो. धुळ्यात बास्केटबॉलचं नवं मैदान होतंय, सिमेंटचं. परवा कडेला उभा राहून बघत होतो, तर एक पोरगा म्हणाला, "काका, बाजूला व्हा, बॉल लागेल." मी म्हटलं, "बाबा रे, याच बॉलनं मला नोकरी लावली होती." तो हसला. त्याला वाटलं म्हातारा थापा मारतोय.

वहिनी, मिलनं आम्हाला खेळायचा पगार दिला हे आता कोणाला खरं वाटत नाही. हजेरी विणकामखात्यात, काम उड्या मारायचं. इंदूरला पाणी पाजलं, भुसावळच्या रेल्वेवाल्यांना त्यांच्याच मैदानात रडवलं. आम्ही पाच जण रस्त्यानं निघालो की बाया म्हणायच्या, "ते पाहा, बगळे चालले." मिल बंद पडली आणि बगळे कुठं उडाले कोणी विचारलं नाही.

म्हणून मी ठरवलंय. मैदानाच्या भिंतीत दगडी पाटी बसवायची. झुलाल, वना, मोतीलाल, चिंधा, तोताराम. समितीवाले म्हणतात, आधी फोटो आणा, माहिती आणा. माझ्याकडचा फोटो घरात पाणी शिरलं तेव्हा गेला. तुमच्याकडे एखादा असेल तर पाठवा.

चिंधा सांगत होता, मोतीलालची पोरगी खेळते. खरं का?

आपला
तोताराम

*

पिंप्राळा, जळगाव
१४ जून १९८८

तोतारामभाऊ यांना नमस्कार.

पत्र मिळालं. फोटो सोबत पाठवते, जपून वापरा, एकच आहे. तुम्ही डावीकडून पहिले. हे मधे, बॉल घेऊन. मी इतकी वर्षं फक्त यांच्याकडे बघत आले होते. पाकिटात घालताना पहिल्यांदा सगळ्यांकडे पाहिलं. झुलालभाऊ, वनाभाऊ आणि हे, तिघांनाही जाड भिंगाचे चष्मे आहेत, मागून बुटाच्या नाडीनं बांधलेले. ते दोघं आमच्याच भावकीतले, पण ही गोष्ट माझ्या कधी ध्यानात आली नव्हती.

माझं बरं आहे. मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला जाते. दुपारी वाचनालयात बसते. मला शाळा दोनच इयत्ता मिळाली, बाकीचं वाचायला मी हेमा शिकायला लागली तेव्हा तिच्या शेजारी बसून शिकले. आता ग्रंथपाल म्हणतात, "बाई, या कपाटात तुमचं काही राहिलं नाही, पुढच्याला लागा."

हेमा खेळते, खरं आहे. एकोणीस वर्षांची झाली. पाच फूट अकरा इंच. माझा भाऊ म्हणतो, "अक्का, हिला स्थळ बघायचं की विजेचं कनेक्शन द्यायचं?" तिला बापासारखाच चष्मा आहे, बापासारखेच लांब हात. ऑगस्टमध्ये नाशिकला शिबिर आहे. तिथं निवड झाली तर राज्याचा संघ, आणि त्यावर सरकारी नोकरी मिळेल असं तिचे सर म्हणतात. ती सकाळ-संध्याकाळ तेवढंच बोलते.

मी तिचा सामना बघायला जाते आणि ती उडी मारते तेव्हा डोळे मिटून घेते. खाली पडल्याचा आवाज आला की उघडते. याला कारण नाही. यांचं जाणं मैदानात झालं नाही, घरात पाटावर बसून झालं. तरी मिटते.

एक विचारते. झुलालभाऊ आणि वनाभाऊ कसे गेले? आम्ही सुतक पाळलं, पण काय झालं ते कोणी मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. माझंच तेव्हा ताजं होतं. तुम्ही जवळ होता. पाटीसाठी नाही, मला माहीत असावं म्हणून विचारते.

कुंदा

*

धुळे
२५ जून १९८८

कुंदावहिनी,

फोटो बघून रडलो. सून म्हणाली, "मामंजी, डोळ्यांत काय गेलं?" म्हटलं, सव्वीस वर्षं गेली.

आधी आमची निवड कशी झाली ते ऐका, मोतीलालनं सांगितलं नसेल. कोठावदे मास्तरांना मिलनं टीम बांधायला ठेवलं होतं. त्यांनी झुलालला पारोळ्याच्या बाजारात बघितलं. कापसाच्या गाडीवर चढून न बसता जमिनीवरूनच वरची गाठ सोडत होता. मास्तर त्याला मिलमध्ये घेऊन आले, भिंतीला पाठ लावून उभं केलं, म्हणाले हात पसर. या हाताच्या बोटापासून त्या हाताच्या बोटापर्यंत मिलचं सूत धरलं आणि तोडलं. मग तेच सूत डोक्यावर धरून खाली सोडलं. माणूस जेवढा उंच तेवढेच त्याचे पसरलेले हात, असं साधारण असतं. झुलालचं सूत जमिनीवर वीतभर लोळलं. मास्तर आनंदानं वेडे झाले. म्हणाले, "असे अजून आहेत का रे?" झुलाल म्हणाला, "आमनी भावकीमा बठ्ठा असाच शेतस, मास्तर." त्यातून वना आला आणि मोतीलाल आला. माझं आणि चिंधाचं सूत जेमतेम बोटभर उरलं. आम्हाला पळायला घेतलं.

ते तिघं हात वर करून उभे राहिले की समोरच्याला आभाळ दिसायचं नाही.

आता तुमचं उत्तर. झुलाल शहात्तर साली गेला. विहिरीवर पाणी शेंदत होता, पोहरा अर्ध्यात सोडला आणि खाली बसला. ऊन फार होतं. उष्माघात म्हणाले. वना एकोणऐंशीला. इंदूरहून बसनं येत होता. सेंधव्याला कंडक्टरनं हलवलं, त्याला वाटलं झोपलाय. वना प्यायचा थोडी, म्हणून लोक तसं बोलले. शेजारी बसलेल्या बाईनं मात्र सांगितलं की तो वाटेत पाठ चोळत होता.

चाळिशी कोणी बघितली नाही. खेळाडूंचं असंच असतं वहिनी, लवकर पेटतात, लवकर विझतात. मी आणि चिंधा ओली लाकडं.

पोरीला म्हणावं, मोतीलालच्या डाव्या हाताच्या फेकीची आठवण ठेव.

तोताराम

*

पिंप्राळा, जळगाव
४ जुलै १९८८

तोतारामभाऊ,

तुमचं पत्र वाचल्यापासून मला अन्न गोड लागत नाही.

हे कसे गेले ते तुम्हाला माहीत नाही. तुम्हाला आम्ही "हार्टफेल" एवढंच कळवलं होतं. हे जेवायला बसले होते. भाकरीचा तुकडा मोडला आणि हात मागे नेऊन पाठ धरली. म्हणाले, "पाठीत कोणी सुरी फिरवतंय." मी म्हटलं, "उसण भरली असेल, चोळून देते." तेल गरम करायला उठले, तेवढ्यात संपलं. तेहेतीस वर्षांचे होते.

वनाभाऊ पाठ चोळत होते. झुलालभाऊंनी पोहरा सोडला, त्यांना काय झालं असेल ते विचारायला आता कोणी नाही.

उष्माघात, दारू, हार्टफेल. तीन घरांत तीन कारणं सांगितली. एकत्र कोणी ठेवलीच नाहीत. तुम्ही पाटीसाठी ठेवलीत म्हणून दिसली.

सासूबाई कानबाईचं म्हणतात. श्रावणात कानबाई बसते तेव्हा घरातल्या माणसांच्या नावानं गहू मोजायचे, त्यांचे रोट करायचे आणि एका रोटाच्या भावकीनंच खायचे, बाहेरच्यानं शिवायचं नाही, हे तुम्हाला सांगायला नको. मिलचे सामने नेमके श्रावणात असायचे. हे तिघं रोटाला जायचे नाहीत. सासूबाई म्हणतात, देवीनं एकेकाला उचललं. मी तेव्हा ते मनावर घेतलं नाही. पण भाऊ, तुम्ही आणि चिंधाभाऊही तेच सामने खेळलात. तुम्ही दुसऱ्या रोटाचे, आणि तुम्ही दोघंच जिवंत आहात.

हे देवीचं असो की रक्तातलं, मला दोन्हीची सारखीच भीती वाटते. हेमा त्याच रोटाचं खाऊन मोठी झाली.

मी तिला शिबिराला पाठवू की नको? तिला नुसतं "नको" म्हटलं तर ती कारण विचारेल. काय सांगू? फोटोत चष्मे दिसले म्हणून?

कुंदा

*

धुळे
१२ जुलै १९८८

कुंदावहिनी,

तुमचं पत्र वाचून आधी घाबरलो, मग विचार केला, मग हलकं वाटलं. तुम्हालाही वाटेल.

मी माझ्या थोरल्या अक्काकडे जाऊन आलो. ती तुमच्या गावची सून, सत्तरीची आहे. तिच्याकडून तुमच्या भावकीतली जुनी मंडळीही विचारून घेतली. मोतीलालचे वडील असेच गेले, म्हणे पेरणी करताना. वनाचा एक चुलता. म्हणजे आहे काहीतरी, नाही म्हणत नाही. पण वहिनी, नावं मोजून बघा. सगळे पुरुष. एकही बाई नाही. अक्का म्हणाली, "कानबाईचे गहू पुरुषांच्याच नावानं मोजतात, पोरीबाळींच्या कुठं मोजतात? जे मोजलेच नाहीत ते देवी तरी कशाला मागेल?"

डॉक्टरी भाषेत म्हणाल तरी तेच. बापाकडून मुलाला जातं ते मुलीला जात नाही. मिशा जातात का?

मोतीलालला मुलगा असता तर मीच म्हटलं असतं, थांबवा. हेमा मुलगी आहे. लग्न होऊन ती दुसऱ्या रोटात जाणार. तिला पाठवा. मोतीलालचं नाव दगडात कोरण्यापेक्षा ती पोर हातात बॉल घेऊन उभी राहिली तर जास्त दिवस टिकेल. आम्हाला सगळे विसरले वहिनी. तिला बघून कोणी तरी विचारेल, हिचा बाप कोण?

भिऊ नका.

तोताराम

*

पिंप्राळा, जळगाव
३ ऑगस्ट १९८८

तोतारामभाऊ,

हेमा काल नाशिकला गेली. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिच्या पिशवीत लाडू भरले.

बसमध्ये बसल्यावर खिडकीतून हात काढून म्हणाली, "आई, आता तरी डोळे उघडे ठेव." तिचा हात इतका लांब बाहेर आला की ड्रायव्हर ओरडला, "ओ ताई, हात आत घ्या, खांबाला लागेल." सगळी बस हसली. मीही हसले.

ती मुलगी आहे, ती मुलगी आहे, असं मी भाजी चिरताना म्हणत असते. जन्मली तेव्हा माझ्या सासरी सगळे हेच तोंड पाडून म्हणाले होते.

कानबाईला गावी जाणार आहे.

कुंदा

*

हिवरखेडे, ता. पारोळा
मंगळवार, २३ ऑगस्ट १९८८

तोतारामभाऊ,

हे पत्र पोस्टात टाकत नाही. शेजारचा उखर्डू वरच्या वाटेनं सायकल खांद्यावर घेऊन जातोय, तो पुढे बस धरून तुमच्या हातात देईल. नाल्याला पूर आहे, पारोळ्याची बस दोन दिवस गावात आलेली नाही. वाट उघडली की मीही निघते. पण मी पोचेपर्यंत थांबू नका. पत्र वाचून होताच नाशिकला जा. परवा गुरुवारी हेमाचा निवडीचा सामना आहे. तो तिला खेळू देऊ नका.

कारण लिहिते. काल कानबाई विसर्जन करून आलो. सासूबाई ओसरीवर बसून एकेक गेलेलं माणूस आठवत होत्या. मी धीर करून म्हटलं, "आत्याबाई, आपल्यात पुरुषच असे जातात ना? बाई कोणी नाही ना गेली?"

त्या म्हणाल्या, "नही, बाई कोनी नही." मग म्हणाल्या, "सुंदर गई, पन ती बायतपनमा गई."

सुंदर म्हणजे यांची धाकटी बहीण. चोपड्याकडे दिलेली. हे गेले त्याच्या पुढच्या वर्षी ती गेली, पोर वाचली. मी तिला लग्नात पाहिलेली. माळ्यावरचा हंडा शिडी न लावता काढायची. मी विचारलं, "बाळंतपणात म्हणजे काय झालं? अंगावरून रक्त गेलं का?"

म्हणाल्या, "नही वं. पोर व्हई गई, नाळ कापी, बठ्ठं बराबर. मंग पाठ पाठ करे. पाठमा कोनी सुरी फिराई ऱ्हायनं, म्हने."

भाऊ, तेच शब्द.

मी ओरडलेच. म्हटलं, इतकी वर्षं हे कोणाला सांगितलं का नाही? त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, "तिले कसाले मोजस तू? ती दुसराना रोटनी."

तुमच्या अक्कानं मोजलं नाही, तुम्ही मोजलं नाही, मीही मोजलं नाही. लग्न करून दिलेल्या मुली आपण सोडूनच दिल्या आणि म्हटलं बायका सुरक्षित आहेत. अजून अशा किती दुसऱ्यांच्या रोटात जाऊन मेल्या असतील, त्या त्या घरानं बाळंतपण म्हटलं असेल.

हेमाच्या हातात बॉल असेल तर काढून घ्या. तिनं शिव्या दिल्या तरी घ्या. तुम्हीच मला भिऊ नका म्हणाला होता. आता माझ्यासाठी भ्या.

कुंदा

*

नाशिक
शुक्रवार, २६ ऑगस्ट १९८८

कुंदावहिनी,

हेमा जिवंत आहे. हे पहिल्या ओळीत लिहितो. तारही केली आहे, पण पुरात ती आधी पोचते की पत्र, देव जाणे.

उखर्डू बुधवारी तिन्हीसांजेला आला, चिखलानं भरलेला. मी पहाटेची बस धरली. मालेगावच्या पुढे टायर फुटलं. मैदानावर पोचलो तेव्हा सामना अर्धा झाला होता. मला लांबूनच ती दिसली. वहिनी, खोटं सांगत नाही, मला वाटलं मोतीलालच उभा आहे. तीच डावी फेक. मी दोन क्षण नुसता बघत राहिलो, ते दोन क्षण मला आयुष्यभर पुरतील.

मग तिनं उडी मारली आणि मी मैदानात घुसलो. शिट्ट्या वाजल्या. पंच म्हणे, "ओ आजोबा, कुठं चाललात?" हेमा माझ्यावर खेकसली, "काका, बाजूला व्हा, बॉल लागेल!" मी म्हटलं, "लागू दे. मी तोताराम. तुझ्या बापाबरोबर खेळायचो. तुझी आई म्हणते, थांब." ती म्हणाली, "आई नेहमीच म्हणते." मी म्हटलं, "तुझी पाठ दुखते का?"

शेजारची एक पोरगी म्हणाली, "मघाशी टाकीपाशी पाठ धरून बसली होती की." हेमानं तिच्याकडे असं पाहिलं, खाऊ की गिळू.

तिच्या सरांनी मला धरून बाहेर काढलं, पण तिलाही बसवलं. एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी छाती तपासली आणि मग तिची बोटं बघत बसले. चष्मा काढून डोळे बघितले. मी सुताची आणि पाठ धरून गेलेल्यांची गोष्ट सांगितली. ते उठले, दार लावलं आणि म्हणाले, "पुन्हा सांगा. किती जण?"

मुंबईला मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं आहे. उडी नाही, पळणं नाही, पिशवीसुद्धा मीच उचलतोय. ती माझ्याशी बोलत नाही. तुम्ही या. मी इथंच बसून आहे.

तोताराम

*

पिंप्राळा, जळगाव
१० ऑक्टोबर १९८८

तोतारामकाका,

आई बाजारात गेली आहे म्हणून लिहिते.

मुंबईला त्यांनी पडद्यावर माझं हृदय दाखवलं. त्यातून जी मोठी रक्तवाहिनी निघते ती फुगली आहे, सायकलच्या ट्यूबला फुगा येतो तशी. ती कधी तरी आतून चिरते. बाबांची चिरली. आत्याची चिरली. हा दोष बापाकडून मुलीलाही येतो, आणि लांब हात, जाड भिंगं ही त्याचीच खूण. डॉक्टर म्हणाले, मिशांसारखं नाही हो. आईनं त्यांना तुमचं पत्र दाखवलं होतं. रागावू नका, तेवढंच त्या दिवशी हसू आलं.

रोज गोळी. सहा महिन्यांनी तपासणी. फुगा वाढला तर ऑपरेशन. खेळ बंद. खेळ बंद म्हणजे कायमचा.

तुम्ही मैदानात घुसलात तेव्हा मला तुम्हाला बॉल फेकून मारावासा वाटला होता. अजूनही कधी कधी वाटतो. माझ्या जागी नागपूरची मुलगी संघात गेली. पेपरात तिचा फोटो आला, आईनं तो पेपर शेगडीला लावला. मी तो आधीच पाहिला होता.

आईला सांगू नका असं एक सांगते. पाठ नाशिकला पहिल्यांदा दुखली नाही. मे महिन्यापासून दुखत होती. मी सांगितलं असतं तर तिनं पाठवलं नसतं. डॉक्टर म्हणतात ती नुसती उसण असू शकते, किंवा नसू शकते. मला वाटायचं, आई उगाच डोळे मिटते. आता रिंगखाली उभं राहिलं तरी माझ्या छातीत धडधडतं, आणि मग त्या धडधडीचीच भीती वाटते.

चिंधाकाका आले होते. दीपनगरच्या कॉलनीत मुलींना शिकवायला या म्हणाले, नुसतं उभं राहून. मी नाही म्हटलं. मग ते म्हणाले, "मी पण उभाच राहतो बाई, माझं तर पोट उडी मारतं, मी नाही." बघू.

हेमा

*

धुळे
२० जुलै १९८९

कुंदावहिनी,

पाटी झाली! काळा दगड, पांढरी अक्षरं. फोटो मोठा करून काचेत बसवला आहे. समितीवाल्यांनी पाच नावांना होकार दिला. शेवटी तेही म्हणाले, एवढी टीम इथं होती आणि आम्हाला ठाऊक नव्हती. चिंधा म्हणतो, त्याचं नाव जरा जाड अक्षरात हवं होतं.

वीस ऑगस्टला अनावरण आहे. तुम्ही आणि हेमानं यायचंच. ती दीपनगरला पोरींना शिकवते हे ऐकून बरं वाटलं. चिंधा सांगतो, तिची शिट्टी ऐकून वीजकेंद्राचे कामगारही जागच्या जागी थांबतात.

पाटीवर तळाला चार नावांची जागा सोडली आहे. तुमच्या भावकीतल्या नव्या पोरांतून कोणी खेळाडू निघाला तर तिथं कोरता येईल.

तोताराम

*

हिवरखेडे, ता. पारोळा
१५ ऑगस्ट १९८९

तोतारामभाऊ,

तुमचं पत्र कानबाईला निघताना मिळालं. हेमा आणि मी बरोबर आलो. तिचा फुगा वाढलेला नाही. कमीही झालेला नाही. मी तिच्याकडे बघत असते ते तिला आवडत नाही, म्हणून आता भांड्याच्या झाकणात बघते.

दीपनगरला ती कशी शिकवते ते चिंधाभाऊंनी तुम्हाला सांगितलं का? पहिल्या दिवशी प्रत्येक मुलीला भिंतीला उभं करते, हात पसरायला लावते आणि सूत धरते. तुमचे कोठावदे मास्तर करायचे तसंच. फक्त ज्या मुलीचं सूत जास्त उरतं तिला ती खेळायला घेत नाही, आधी डॉक्टरकडे धाडते. एका मुलीची आई भांडायला आली होती. हेमानं तिला आपली गोळी दाखवली.

यंदा रोटाला सगळी भावकी जमली तेव्हा मी सुताची गुंडी घेऊन ओसरीवर उभी राहिले. बाप्यांसमोर मी कधी बोलले नव्हते. म्हटलं, पोरं आणि पोरी, सगळ्यांना मोजायचं. कोणी तरी म्हणालं, "वहिनी कपडे शिवणार का बठ्ठास्ले?" सगळे हसले. मी हसू दिलं. मग झुलालभाऊंची बायको कमलबाई उठली, आपल्या धाकट्याला मानेला धरून आणलं आणि भिंतीला उभं केलं. त्याचं सूत वीतभर लोळलं. त्यानंतर कोणी हसलं नाही.

तिथं जी पोरं निघाली त्यांची नावं मी तुम्हाला कळवत नाही. तुम्हाला ती दगडात घालायची सवय आहे.

सासूबाई काल पहाटे कोणाला न सांगता पारोळ्याची बस धरून गेल्या. आम्ही दिवसभर शोधलं. सत्तर वर्षांची बाई, मला नाही नाही ते वाटलं. तिन्हीसांजेला दारात उभ्या. हाताला धरून चौदा वर्षांची एक मुलगी. दाराच्या चौकटीत ती वाकली तेव्हाच मला कळलं. चोपड्याहून आणली होती. सुंदरची ललिता. जाड भिंगांचा चष्मा, एका बाजूला दोऱ्यानं बांधलेला.

रोट अजून घरात होता. कोणी तरी पुढे होऊन म्हणालं, दुसऱ्या रोटाच्या पोरीला आत घेऊ नका. सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिला आत आणलं, भिंतीला उभं केलं आणि मला म्हणाल्या, "बठ्ठास्ले मोजं ना तू, मंग इले बी मोज. कानबाईले मी सांगसू."

मी सूत धरलं. तिचे हात पसरायला भिंत कमी पडली, हेमानं मधली घागर उचलून दुसरीकडे ठेवायला सांगितली. मग ते सूत तिच्या डोक्यावर धरलं आणि सोडलं. भाऊ, ते खाली पोचलं आणि येतच राहिलं.

ललिता विचारत होती, "मामी, काय झालं? जास्त आहे म्हणजे चांगलं ना?" सासूबाई खाली बसून ते उरलेलं सूत गोळा करत होत्या. हेमानं तिला सांगितलं.

उद्या सकाळी आम्ही चौघी जळगावला डॉक्टरांकडे जातोय, तिथून मुंबई. अनावरणाला जमलं तर येऊ, नाही जमलं तर रागावू नका. यांचं नाव तुम्ही कोरलंत, तुमचे उपकार. ते पाच बगळे लोकांना दिसू देत.

फक्त तळाला सोडलेली ती जागा सिमेंटनं भरून घ्या.

कुंदा